प्रतिप्रोटॉन तयार होतात हे कळलं, पण ते थांबवतात कसे?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी,

राष्ट्रीय विज्ञान दिनाला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांपुढे तासभर बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतलाय: प्रतिद्रव्य, म्हणजे नेहमीच्या कणांच्या उलट्या भाराच्या जुळ्यांचं द्रव्य. कोथरूडमधली मुलं, बरंच काही पाहून-वाचून आलेली असतात. 'पॉझिट्रॉन म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन' इथपर्यंत सगळ्यांना येतं. डिरॅकचं 1928 चं समीकरण, 1932 साली अँडरसनला वैश्विक किरणांत दिसलेला पॉझिट्रॉन, 1955 साली बर्कलीच्या बेव्हाट्रॉनवर सेग्रे आणि चेंबरलेन यांना सापडलेला प्रतिप्रोटॉन (ऋण भाराचा प्रोटॉन), हा इतिहास दहा मिनिटांत होईल.

मला उरलेली पन्नास मिनिटं वेगळ्या गोष्टीला द्यायची आहेत. माझं मत स्पष्ट सांगते: प्रतिकण तयार करणं हा या कामाचा लहान भाग आहे, त्याला थांबवणं हा मोठा. धातूच्या लक्ष्यातून निघणारा प्रतिप्रोटॉन प्रकाशाच्या जवळजवळ 97 टक्के वेगाने पळत असतो. त्याचं वजन, त्याचं चुंबकत्व, तो खाली पडतो की नाही, यातलं काहीच त्या वेगात नीट मोजता येत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत 2000 सालापासून एक यंत्र चालू आहे, त्याचं कामच मुळी वेग कमी करणं: अँटिप्रोटॉन डीसेलरेटर. बातम्या मात्र सगळ्या वेग वाढवणाऱ्या यंत्रांच्याच येतात.

इथे या क्षेत्रातले, निदान शेजारच्या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारते. सूत्रं न लिहिता हे मुलांना कसं समजावायचं? आणि 'जाड पत्रा आडवा लावला की थांबेल ना, मॅडम?' असं कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं? हा प्रश्न हमखास येणार.

---

मुठाकाठ

विषय झकास. बाकड्यावर बसलोय, येऊ द्या.

---

अणुरेणू

मॅडम, तुमच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा. मी पाषाणला प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कणभौतिकी माझं क्षेत्र नाही, पण या विषयाचा नाद जुना.

मुलांना आधी एक गोष्ट पटवा: प्रतिप्रोटॉन जन्मतःच वेगवान का असतो? इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन जोडीनेच जन्मतात. दोघांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा म्हणजे जेमतेम 1.9 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक, गिगा म्हणजे अब्ज). मग तेवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर मारला की काम झालं, असं वाटतं. होत नाही. येणाऱ्या प्रोटॉनचा संवेग टक्करीनंतरही तेवढाच राहायला हवा, म्हणजे निघालेल्या सगळ्या कणांना मिळून पुढे पळावंच लागतं. त्या पळण्यातच बरीचशी ऊर्जा अडकते. हिशेब केला तर किमान 5.6 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. बेव्हाट्रॉन 6.2 चा बांधला गेला तो हाच आकडा समोर ठेवून.

म्हणजे ज्या नियमाने प्रतिप्रोटॉन महाग होतो, त्याच नियमाने तो वेगवानही होतो.

---

चिकित्सक_बुवा

@अणुरेणू, मग दोन प्रोटॉन समोरासमोर आणून आपटले तर एकूण संवेग शून्य. तिथे प्रतिप्रोटॉन जागच्या जागी, शांतपणे जन्माला येईल की! हा सोपा मार्ग सोडून सर्नवाले लांबचा रस्ता का धरतात?

---

अणुरेणू

बुवा, प्रश्न अगदी रास्त आहे. ऊर्जेच्या हिशेबाने तुमचा मार्ग स्वस्त, संख्येच्या हिशेबाने परवडत नाही. दोन झोत समोरासमोर येतात तेव्हा बहुतेक प्रोटॉन एकमेकांना न भेटताच निघून जातात, कारण झोत फार विरळ असतो. घन धातूत मात्र अणुकेंद्रकं खच्चून भरलेली. शिवाय किमान ऊर्जेच्या अगदी काठावर जोडी जन्मण्याची शक्यता नगण्य असते, म्हणून सरळ भरपूर ऊर्जेनेच हाणतात.

सर्नमध्ये इरिडियमची बारीक कांडी लक्ष्य म्हणून वापरतात. इरिडियम का, तर तो सर्वांत घन धातूंपैकी एक. जितकं घन लक्ष्य तितका प्रतिप्रोटॉन एका लहान जागेतून निघतो आणि पुढे गोळा करायला सोपा जातो. त्यावर प्रोटॉन सिंक्रोट्रॉनमधून 26 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे प्रोटॉन येतात, एका वेळी सुमारे 15 लाख कोटी. शेवटी हाती लागतात 3 कोटींच्या घरातले प्रतिप्रोटॉन. साधारण 5 लाख प्रोटॉन मारावेत तेव्हा एक! आणि हे दर दोन मिनिटांनी, महिनोन्‌महिने.

---

भोसरी_एमआयडीसी

ती कांडी टिकते कशी? एका झटक्यात तेवढे प्रोटॉन आले तर धातूच्या आत काय होत असेल याची कल्पनाच करवत नाही. तापमान चढणार, प्रसरणाचा धक्का बसणार, तडे जाणार.

---

अणुरेणू

तडे जातातच. म्हणून कांडी ग्रॅफाइटमध्ये बसवतात आणि वरून टायटॅनियमचं आवरण घालतात. आतून भेगाळली तरी द्रव्य जागेवर राहायला हवं.

---

वेताळटेकडी

अणुरेणू सर, संवेगाचा मुद्दा अकरावीच्या पुस्तकातल्या टक्करींना थेट जोडता येतोय. मुलांना हे नक्की भिडेल. आता पत्र्याचा प्रश्न कुणीतरी घ्या.

---

चिकित्सक_बुवा

पत्र्याबद्दल मी वाचलंय, मी सांगतो.

पत्रा लावतात, आणि बरीच वर्षं लावलाच. डीसेलरेटरमधून प्रतिप्रोटॉन बाहेर यायचा तो 5.3 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने, म्हणजे प्रकाशाच्या दहाएक टक्के वेगाने. प्रतिप्रोटॉन ज्यात धरून ठेवायचे त्या सापळ्याची विद्युत भिंत मात्र फक्त काही हजार व्होल्टची. मधली तफावत भरून काढायला पातळ पत्रा ठेवायचे. पत्र्यातल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत प्रतिप्रोटॉन ऊर्जा गमावतो. अडचण अशी की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे धक्के वेगवेगळे. काही पत्र्यातच थांबतात आणि एखाद्या केंद्रकात शिरून नष्ट होतात, काही फार वेगाने पलीकडे निघतात. हव्या त्या वेगाचे उरतात हजारात मोजकेच. 99 टक्क्यांहून जास्त माल वाया!

एवढ्या कष्टाने मिळवलेलं धन असं पत्र्यात घालवणं कुणाला रुचेल? म्हणून एलेना नावाचं दुसरं, छोटं कडं बांधलं. घेर फक्त 30 मीटर. ते 5.3 मेगा वरून 100 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणतं. 2021 पासून सगळे प्रयोग त्यावरच चालतात. शेवटचा पातळ पडदा काही ठिकाणी अजूनही लागतो, पण सापळ्यात शिरणाऱ्यांची संख्या दहा ते शंभर पट झाली. दुसरा फायदा म्हणजे एलेना एका खेपेचे चार गुच्छ करून चार प्रयोगांना एकदमच देते. आधी आठ-आठ तासांच्या पाळ्या लावून घ्यायला लागायच्या.

---

मुठाकाठ

आठ तासांच्या पाळीने पाणी येण्याचं दुःख पुणेकरांना समजावून सांगायला नको :)

---

गोखलेनगर_पूर्व

एक समजत नाहीये. त्वरकात विद्युत क्षेत्राने ढकलतात हे माहीत आहे. मग वेग कमी करायला तेच उलटं लावायचं, झालं. यात एवढं कठीण काय? गाडीला ब्रेक असतोच की.

---

अणुरेणू

यंत्र खरंच जवळजवळ तेच असतं. रेडिओ लहरींची पोकळी तीच, फक्त कणांचा गुच्छ आत येतो तेव्हा क्षेत्राची दिशा विरोधी ठेवायची. वेग उतरेल तसं वाकवणाऱ्या चुंबकांचं क्षेत्रही बरोबर उतरवत न्यायचं, नाहीतर कण कड्याच्या भिंतीवर जातील. कठीण भाग हा नव्हे.

कठीण भाग असा: ब्रेक फक्त पुढच्या दिशेच्या गतीला लागतो. प्रत्येक कणाला पुढच्या गतीबरोबर थोडी आडवी गती असते, लक्ष्यातून निघतानाच मिळालेली. पुढचा संवेग 3.57 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) वरून 0.1 वर आणला, म्हणजे 35 पट कमी केला. आडवा संवेग मात्र आहे तिथेच! जो कण आधी अगदी किंचित तिरका जात होता, तो आता चांगलाच तिरका जातो. झोत फुगत फुगत नळीच्या भिंतीला लागतो आणि सगळं संपतं. नुसता ब्रेक मारून चालत नाही ते यामुळे. मध्ये मध्ये थांबून झोताचा हा विस्कळीतपणा काढून टाकावा लागतो. त्याला शीतन म्हणतात. 3.57 वर एकदा, 2 वर एकदा, मग 0.3 वर, मग 0.1 वर. दोन मिनिटांच्या फेरीतला बराचसा वेळ यातच जातो.

---

वेताळटेकडी

सर, हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे. 'ब्रेक फक्त पुढच्या गतीला लागतो' हे एक वाक्य मुलांना समजलं तरी माझा तास सार्थकी लागला.

शीतन कसं करतात हेही इथेच येऊ द्या.

---

आशाताई_ब

मी विज्ञानाची नाही, पण मुलगा या विषयात पीएचडी करतो म्हणून थोडं कानावर पडलंय. इलेक्ट्रॉन शीतन त्याने मला असं सांगितलं होतं: गरम दुधाचं पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवायचं आणि परातीतलं पाणी सारखं बदलत राहायचं. इथे दूध म्हणजे प्रतिप्रोटॉन आणि पाणी म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत. कड्याच्या एका सरळ भागात प्रतिप्रोटॉनांच्याच वेगाने इलेक्ट्रॉन सोडतात. दोघं बरोबरीने चालतात, त्यामुळे एकमेकांच्या मानाने जवळजवळ स्थिर. प्रतिप्रोटॉनांची वेडीवाकडी हालचाल इलेक्ट्रॉन घेतात, आणि ते इलेक्ट्रॉन पुढे काढून टाकून नवे सोडतात.

---

गोखलेनगर_पूर्व

ताई, छान सांगितलंत, पण एक घोळ आहे. प्रतिद्रव्य द्रव्याला भेटलं की नष्ट होतं ना? मग प्रतिप्रोटॉनांच्या झोतात इलेक्ट्रॉन कसे सोडतात? सगळंच उडायला हवं.

---

आशाताई_ब

हा प्रश्न मीही त्याला विचारला होता! इलेक्ट्रॉनची प्रतिजोडी पॉझिट्रॉन. प्रतिप्रोटॉनची प्रोटॉन, आणि न्यूट्रॉनबरोबरही तो नष्ट होतो. इलेक्ट्रॉन आणि प्रतिप्रोटॉन यांचं एकमेकांशी काही होत नाही. दोघांचाही भार ऋण, त्यामुळे ते एकमेकांना फक्त ढकलतात.

---

गोखलेनगर_पूर्व

हां, म्हणजे धोका केंद्रकाचा. आता पत्र्याची गोष्टही लागली.

---

अणुरेणू

आशाताई, मुलाला माझा नमस्कार सांगा. हे शीतन सुचवलं ते बुडकर यांनी, नोवोसिबिर्स्कला.

जास्त ऊर्जेवर मात्र ते फार हळू चालतं, म्हणून वरच्या दोन टप्प्यांवर सायमन वॅन डेर मीर यांची युक्ती वापरतात, स्टोकॅस्टिक शीतन. कड्याच्या एका बाजूला संवेदक ठेवायचा. तो जाणाऱ्या कणांचा लहानसा गट मधल्या मार्गापासून सरासरी किती सरकलाय ते टिपतो. तो संकेत वर्धित करून कडं ओलांडून समोरच्या बाजूला पाठवायचा. कण वर्तुळावरून वळसा घेत येतात, संकेत सरळ आडवा जातो, म्हणून तो आधी पोचतो. कण तिथे आले की बरोबर तेवढाच धक्का देऊन गटाला मध्यावर ओढायचं. एका फेरीत फरक अगदी नगण्य पडतो, पण कण सेकंदाला लाखाहून जास्त फेऱ्या मारत असतात. हीच युक्ती वापरून सर्नने प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरी घडवल्या, 1983 साली डब्ल्यू आणि झेड कण सापडले आणि 1984 साली रुबिया यांच्याबरोबर वॅन डेर मीर यांना नोबेल मिळालं. एका अभियंत्याला मिळालेलं भौतिकीचं नोबेल! मुलांमध्ये अभियांत्रिकीला जाणारी निम्मी तरी असतील, त्यांना हे मुद्दाम सांगा.

---

पेट_विभाग

या धाग्यावर माझं काम निघालं म्हणून लिहिते. मी एका रुग्णालयात न्यूक्लियर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे पॉझिट्रॉन रोज पहाटे गाडीने येतात, म्हणजे ते सोडणारं फ्लोरिन-18 येतं. शिशाच्या जाड डब्यात एक छोटी काचेची कुपी. आली की आधी मोजणी यंत्रात सोडून किती शिल्लक आहे ते बघायचं, कारण 110 मिनिटांत निम्मं होतं. बोरघाटात गाडी अडकली की आमची पहिल्या दोन रुग्णांची वेळ कोलमडते. ग्लुकोजसारख्या रेणूला जोडलेलं ते द्रव्य शिरेतून दिलं की रुग्णाला तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायला सांगतो. बोलायचं नाही, मोबाइल चाळायचा नाही, नाहीतर स्नायू ग्लुकोज खेचतात आणि चित्र बिघडतं.

या धाग्याशी संबंध असा की पॉझिट्रॉनचा वेग इथेही कमी होतो, पण फुकटात. शरीरातल्या इलेक्ट्रॉनांना धडकत तो मिलिमीटरभराच्या आत थकतो, मग एखाद्या इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट होतो आणि 511 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. आमचं यंत्र ते दोन्ही एकाच क्षणी पकडतं. आम्हाला तो नष्ट झालेलाच हवा असतो. सर्नवाल्यांना तो जिवंत हवा असतो, म्हणून त्यांचं काम इतकं अवघड.

---

वेताळटेकडी

ताई, तुम्ही माझ्या व्याख्यानाला प्रत्यक्ष याल का? मनापासून विचारते. मुलांना प्रतिद्रव्य रोज हाताळणारी व्यक्ती समोर दिसणं यासारखं दुसरं काही नाही.

---

पेट_विभाग

सकाळपाळी नसेल तर नक्की येते. निरोप टाकलाय.

---

खमंग_चिवडा

केळ्यातूनही पॉझिट्रॉन निघतात म्हणे. जळगावच्या केळ्यातून जास्त निघत असतील काय?

---

चिकित्सक_बुवा

निघतात हे खरंय. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यात थोडं पोटॅशियम-40. त्याच्या एक लाख विघटनांत एखाद्या वेळी पॉझिट्रॉन येतो. एका केळ्यातून तास-दोन तासांत एखादा. जळगावचं केळं मोठं असेल तर थोडा जास्त, बाकी गुण तेच :)

---

धनकवडी_धमाका

सगळं ठीक, पण मुलं विचारणार ते बॉम्बबद्दल. एक ग्रॅम प्रतिद्रव्यात शहर उडतं म्हणतात ते खरं का? आणि अवकाशयानाचं इंधन?

---

अणुरेणू

एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटलं तर 43 किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा निघेल, हे खरं. आता पुढचं गणित मुलांकडूनच करून घ्या, फळ्यावर. दोन मिनिटांना 3 कोटी, म्हणजे तासाला 90 कोटी, दिवसाला सुमारे 2,160 कोटी. यंत्र वर्षभर एक क्षणही न थांबता चाललं आणि एकही प्रतिप्रोटॉन वाया गेला नाही असं धरा. वर्षाला साधारण 8 लाख कोटी. एका ग्रॅमला लागतात 6 वर 23 शून्य इतके. भागाकार केला की येतात जवळजवळ साडेसात हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं.

इंधनाचं उत्तरही यातच आलं. तयार करायला जितकी ऊर्जा जाते त्याचा नखाएवढा भागही परत मिळत नाही.

---

भोसरी_एमआयडीसी

मला निर्वाताबद्दल लिहायचंय, कारण त्यात माझी हयात चाललीय. आम्ही निर्वाताची भांडी आणि जोडण्या बनवतो. अतिउच्च निर्वाताचं काम आलं की दुकानातली सगळी शिस्त बदलते. स्टीलच्या दोन कडांमध्ये रबर चालत नाही, तांब्याची कडी लागते. बोल्ट आवळला की स्टीलची धार त्या तांब्यात रुतते आणि वायू अडतो. एकदा वापरलेली कडी पुन्हा वापरायची नाही. हातमोज्याशिवाय आतल्या पृष्ठभागाला हात लावला तर त्या बोटाच्या ठशातून आठवडाभर वायू सुटत राहतो. मग पूर्ण भांडं तापवायचं, दीडशे-दोनशे अंशांवर, पंप चालू ठेवून, भिंतीत मुरलेलं पाणी निघेपर्यंत. हे सगळं करूनही आम्ही जिथे पोचतो तिथून या लोकांचं काम सुरू होतं. सर्नमधल्या बेस प्रयोगाच्या सापळ्यात भिंती द्रव हीलियमच्या तापमानाला असतात, निरपेक्ष शून्याच्या वर 4 अंश. उरलेसुरले रेणू भिंतीला गोठून चिकटतात. त्यांनी प्रतिप्रोटॉन 405 दिवस सांभाळून दाखवलेत. एक वर्षाहून जास्त काळ एकाही हवेच्या रेणूशी गाठ पडू दिली नाही! हा आकडा मी वाचला तेव्हा कारखान्यात सगळ्यांना बोलावून सांगितला. थांबवणं म्हणजे नुसता वेग कमी करणं नव्हे. थांबल्यावर त्याला जगवणं हाही त्यातलाच भाग आहे, आणि तो आमच्यासारख्या लोकांच्या हातचा आहे.

---

वेताळटेकडी

दादा, काय सुंदर लिहिलंत. तांब्याची एखादी वापरलेली कडी दाखवायला मिळेल का?

---

भोसरी_एमआयडीसी

एक का, पिशवीभर देतो. नवीनही देतो, म्हणजे रुतल्याची खूण शेजारी ठेवून दाखवता येईल.

---

जनहितार्थ

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण मूळ प्रश्न कुणीच घेत नाहीये. एवढे पैसे, एवढी वीज, आणि हाती काय? तर मूठभर अणू. त्याच पैशात किती रुग्णालयं उभी राहतील. मुलांना हेही सांगा.

---

पेट_विभाग

@जनहितार्थ, रुग्णालयातूनच उत्तर देते. माझं यंत्र चालतं ते 1932 च्या त्या कणावर, तेव्हा त्याचा कुणाला उपयोग दिसत नव्हता. त्याला लागणारं फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्ये बनतं, तेही कणभौतिकीचंच यंत्र. मी रोज ज्यांना झोपवते ते कर्करोगाचे रुग्ण असतात.

---

जनहितार्थ

तो एक कण उपयोगी पडला म्हणून पुढचा पडेलच असं नाही. प्राधान्याचा प्रश्न राहतोच.

---

वेताळटेकडी

राहतो, आणि मुलांसमोर मी तो मांडणार आहे. पण 'उपयोग होईल' एवढ्यावर मला हे काम विकायचं नाहीये. महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच तयार झालं असणार. दोन्ही तंतोतंत एकमेकांची प्रतिबिंबं असती तर सगळं एकमेकांत विरून नुसता प्रकाश उरला असता. साधारण दर अब्जामागे एक द्रव्यकण उरला, आणि त्या उरलेल्यातून दीर्घिका, सह्याद्री, तुम्ही, मी. का उरला? प्रतिप्रोटॉन आणि प्रोटॉन यांच्यात कुठेतरी बारीकसा फरक असेल तर तो शोधायचा एक मार्ग म्हणजे दोघांना शेजारी थांबवून मोजणं. बेसने 2022 साली भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर एक लाख कोटीत 16 भाग इतक्या बारकाईने जुळवलं, अजून फरक नाही. हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांचाही आहे. आपला देश 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आपल्या पाषाणच्या आयसरचे लोक तिथल्या सीएमएस प्रयोगात काम करतात. यातली दोन मुलं उद्या तिथे गेली तर मला अतिशय आनंद होईल.

---

जनहितार्थ

मत माझं तेच आहे, पण असं मांडणार असाल तर व्याख्यानाला यायला आवडेल.

---

मुठाकाठ

प्रतिप्रोटॉन ट्रकमधून नेणार आहेत म्हणे, ते काय आहे?

---

चिकित्सक_बुवा

बेसवाल्यांचंच काम. ज्या दालनात डीसेलरेटर आहे तिथे चुंबकीय गोंगाट फार, बारीक मोजमाप बिघडतं. म्हणून सापळाच उचलून शांत प्रयोगशाळेत न्यायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी सरावासाठी 70 साधे प्रोटॉन सापळ्यात भरून ट्रकने सर्नच्या आवारात फिरवले. एकही सांडला नाही.

---

धनकवडी_धमाका

सातारा रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून नेऊन दाखवा म्हणावं, मग मानू.

---

बारावी_ब

मी बारावीत आहे, वेताळटेकडी मॅडमच्या कॉलेजात नाही. धागा पूर्ण वाचला. एक प्रश्न. प्रतिप्रोटॉनला भार असतो म्हणून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राने अडवता येतो हे समजलं. पण प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन मिळून बनलेल्या प्रतिहायड्रोजन अणूला एकूण भार शून्य. तो सापळ्यात राहतो कसा? आणि पॉझिट्रॉन कुठून आणतात?

---

अणुरेणू

शाब्बास. धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तू विचारलास.

आधी पॉझिट्रॉन. सर्नमधल्या आल्फा प्रयोगात ते सोडियम-22 पासून मिळतात. तेही निघताना वेगवानच. समोर गोठवलेल्या निऑनचा थर असतो, त्यातून जाताना बहुतेक नष्ट होतात आणि थोडे मंद होऊन बाहेर पडतात. मग ते विरळ नायट्रोजनमधून जातात, रेणूंना धडकून आणखी ऊर्जा सोडतात आणि सापळ्यात साठतात. इथे वाया गेले तरी चालतं, सोडियम सारखे नवे देत राहतो. प्रतिप्रोटॉनच्या बाबतीत ही चैन परवडत नाही.

आता प्रतिहायड्रोजन. भार नसला तरी तो स्वतः एक अतिशय क्षीण चुंबक असतो. मध्ये चुंबकीय क्षेत्र कमी आणि कडेला सगळीकडे जास्त अशी रचना केली, तर योग्य दिशेचे अणू मध्याकडे ढकलले जातात. पण ही पकड फारच दुबळी. अणूची गती निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्ध्या अंशाएवढी असेल तरच तो आत राहतो, नाहीतर भिंतीवर जाऊन नष्ट. मॅडमनी पहिल्या प्रतिसादात जे म्हटलं ते इथे येऊन पटतं. 1995 साली सर्नमध्ये पहिले 9 प्रतिहायड्रोजन अणू बनले, पण इतके वेगवान की त्यांच्यावर काहीच मोजता आलं नाही. थंड अणू मिळाले 2002 मध्ये. सापळ्यात पहिल्यांदा राहिले 2010 मध्ये, तेव्हा 38 मोजले गेले. पुढच्या वर्षी असे अणू हजार सेकंद टिकवता आले. लेझरने त्यांचा वर्णपट मोजला 2016 मध्ये. त्या वेळचा हिशेब वहीत उतरवून घे: एका खेपेला 90 हजार प्रतिप्रोटॉन आणि 16 लाख पॉझिट्रॉन मिसळले की 25 हजार प्रतिहायड्रोजन व्हायचे, आणि त्यातले सापळ्यात राहण्याइतके मंद साधारण 14.

---

बारावी_ब

फक्त 14?! आणि ते खाली पडतात की वर, हे कळलं का?

---

अणुरेणू

कळलं. 2023 मध्ये आल्फाने उभा सापळा बांधला, चुंबकीय भिंती हळूहळू उतरवल्या आणि अणू वरून निघतात की खालून ते मोजलं. बहुतेक खालून निघाले. मोजलेलं त्वरण g च्या सुमारे पाऊणपट आलं, पण अनिश्चितता एवढी आहे की पूर्ण g त्यात सहज बसतो. वर पडत नाहीत एवढं नक्की. नेमकं किती, हे ठरवायला अणू आणखी थंड हवेत. लेझरने थंड करणं त्यांना 2021 पासून जमलेलं आहे, त्यामुळे पुढचं मोजमाप बारीक होईल.

तू कुठल्या भागात राहतोस? मॅडमच्या व्याख्यानाला बाहेरच्या मुलांना येऊ देतील का, ते विचारून ठेव.

---

वेताळटेकडी

येऊ देतील, प्राचार्यांशी बोलले आहे. बारावी_ब, ओळखपत्र घेऊन ये आणि हा 14 चा प्रश्न तिथे सगळ्यांसमोर पुन्हा विचार. भोसरीचे दादा कड्या आणणार आहेत, पेट विभागाच्या ताईंची पाळी दुपारची आहे, त्याही येतायत. अणुरेणू सर, तुमच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवते.